दुखऱ्या गुडघ्यांसाठी पहिली ई-सायकल: पुण्यात निवडायची कशी

ई-सायकलच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "काका, रेंज किती हवी?" दुसरा येतो, "स्पीड?" जिना उतरताना ज्याला कठड्याचा आधार घ्यावा लागतो त्याच्या यादीत हे दोन्ही प्रश्न बरेच खाली असायला हवेत. सायकल एकदा चालू लागली की गुडघ्याला फारसं काही होत नाही. त्रास होतो तो बसताना, उतरताना, सिग्नलला थांबून पुन्हा निघताना आणि पार्किंगच्या गर्दीतून सायकल मागे ओढून काढताना. या चार गोष्टी ज्या सायकलवर सुखाने जमतील ती तुमची सायकल. तीस किलोमीटर जाते की पन्नास, हे नंतर बघू.

साठी ओलांडलेल्या पुणेकराला सायकल शिकवावी लागत नाही. खडकीच्या फॅक्टरीत, पिंपरी-आकुर्डीच्या कंपन्यांत किंवा लक्ष्मी रोडच्या दुकानात सायकलने गेलेली ही पिढी. अडचण वेगळीच आहे. हातापायांना जुनी सायकल आठवते आणि नवी तशी वागत नाही. टांग मारायची सवय, जोर लावून जड पेडल मारायची सवय, सिग्नलला एक पाय पेडलवर ठेवून उभं राहायची सवय, या तिन्ही ई-सायकलवर आणि दुखऱ्या गुडघ्यावर महागात पडतात.

दुकानाआधी डॉक्टर

सायकलवर शरीराचं वजन सीट उचलते, त्यामुळे चालण्यापेक्षा गुडघ्यावर भार कमी येतो. झिजेच्या संधिवातात अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बऱ्याचदा सायकल सुचवतात ते म्हणूनच. पण गुडघेदुखी सगळ्यांची सारखी नसते. कुणाची वाटीमागे घासते, कुणाचा गुडघा आतल्या बाजूने झिजलेला असतो, कुणाची गादी फाटलेली असते, कुणाचं सांधेबदलाचं ऑपरेशन झालेलं असतं. तेव्हा "सायकल चालवू का?" एवढंच विचारून परत येऊ नका. गुडघा किती अंशांत वाकतो ते मोजून घ्या. साध्या सायकलचं पेडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. त्याहून बराच कमी वाकत असेल तर आखूड क्रँकची सोय बघावी लागेल. तिच्याविषयी पुढे येईलच. ऑपरेशन झालं असेल तर रस्त्यावर कधी उतरायचं ते सर्जनलाच ठरवू द्या.

चालता चालता गुडघा मधेच अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा सुजलेला असेल, तर खरेदी पुढे ढकला. आणि गुडघ्यापलीकडच्या दोन गोष्टीही त्याच भेटीत सांगून टाका: उठल्यावर चक्कर येते का, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. या गोळ्यांवर असताना डोक्यावर पडणं साधं राहत नाही. सायकलला कायद्याने हेल्मेट सक्तीचं नसलं तरी तुम्ही ते घालायचंच.

बहुतेक फिजिओथेरपी केंद्रांत व्यायामाची स्थिर सायकल असते. आठवडाभर तिच्यावर हलक्या भारात दहा-पंधरा मिनिटं पाय फिरवून बघा. दुसऱ्या दिवशी सूज नसेल, तर दुकानात जायला हरकत नाही.

नंबर प्लेट लागत नाही, पण कागद मागा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते वाहन "मोटार वाहन" धरलं जात नाही. लायसन्स, आरटीओ नोंदणी, सक्तीचा विमा यांतलं काहीच लागत नाही. मात्र हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं असावं लागतं. अशी एक संस्था आपल्या डोक्यावरच आहे. ज्या टेकडीला आपण एआरएआय टेकडी म्हणतो तिच्यावरची एआरएआय तीच. दुकानदाराकडे चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा. "सगळ्यांकडे असतंच हो," असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

"हिची लिमिट काढून देतो, चाळीसने पळेल," असंही कुणी आपुलकीने सांगेल. लिमिट काढली की ती सायकल नियमाच्या बाहेर जाते, आणि तुमच्यासाठी तो वेग तसाही कामाचा नाही.

दांडी

पुण्यातल्या बहुतेक काकांचा इथे अहंकार आडवा येतो. मधली आडवी दांडी नसलेली, पाय पुढूनच सहज आत घालता येणारी सायकल दाखवली की ते म्हणतात, "ही तर लेडीज." असू दे. टांग मारताना एका पायावर सगळं वजन येतं, त्यावर शरीर वळतं आणि हातात वीस-बावीस किलोची सायकल कललेली असते. झिजलेल्या गुडघ्याला याहून वाईट हालचाल शोधून सापडणार नाही. त्यात मागे कॅरिअरवर पिशवी असली तर पाय तिच्यावर अडकतो, आणि पडणं होतं ते असंच, घराच्या दारात, उभ्या सायकलवरून.

तेव्हा खालच्या दांडीची फ्रेमच घ्या. घरून निघतानाच एक माप काढा: भिंतीला हात लावून, न दुखता, पाऊल जमिनीपासून किती उंच उचलता येतं? टेपने मोजा. फ्रेमचा जिथून पाय आत जातो तो भाग त्या उंचीच्या खाली हवा. दुकानात हीच टेप खिशातून काढा. दुकानदार हसेल, हसू द्या. बॅटरी कुठे बसवली आहे तेही बघा. काही मॉडेलमध्ये फ्रेम खाली उतरती असते पण बॅटरी तिच्यावर चढवलेली असते, आणि जाहिरातीतल्या फोटोत सोपी वाटणारी सायकल प्रत्यक्षात आणखी चार बोटं उंच भरते.

घरात माळ्यावर किंवा जिन्याखाली जुनी दणकट अ‍ॅटलास पडली असेल आणि तिलाच मोटरचं किट बसवायचा मोह होत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नको. आडवी दांडी तशीच राहते, रॉडचे ब्रेक वाढलेल्या वजनाला पुरत नाहीत, पावसात तर मुळीच नाहीत. ती नातवाला फोटो काढायला ठेवा.

सीटची उंची: इथे गुडघा आणि पाऊल भांडतात

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो या भागाला.

गुडघ्याच्या दृष्टीने सीट उंच हवी. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. समोरून दुखायला लागतं. योग्य उंची ओळखायची जुनी युक्ती अजूनही चालते. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक उरतो, साधारण २५ ते ३५ अंश. तेवढाच हवा. सीट गरजेपेक्षा उंच गेली तर गुडघ्याच्या मागच्या बाजूला, लवणीत ओढल्यासारखं होतं. म्हणजे दुखतंय कुठे यावरून सीट कुठे हलवायची ते कळतं: पुढे दुखलं तर थोडी वर, मागे ओढलं तर थोडी खाली. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, जास्त नाही.

पण या उंचीवर बसलं की दोन्ही पाय जमिनीवर टेकत नाहीत, फक्त बोटं लागतात. वय झालेल्या माणसाला हे भीतीदायक वाटतं. मग तो सीट खाली करतो, पाऊल सपाट टेकतं, मनाला बरं वाटतं आणि महिन्याभरात गुडघा सुजतो. "सायकल मला मानवली नाही," असं म्हणून सायकल पार्किंगमध्ये धूळ खात राहते. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जाऊन बघा, अशी एक तरी सापडेल.

यावर उपाय आहे. थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. ब्रेक दाबून वेग जवळजवळ संपला की सीटवरून पुढे सरकायचं आणि खालच्या दांडीच्या वर, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहायचं. निघताना ब्रेक धरलेला, चांगल्या गुडघ्याच्या बाजूचं पेडल पुढे-वर, घड्याळात दोनच्या काट्याला असतं तिथे. त्यावर पाय दाबत ब्रेक सोडायचा, सायकल हलली की मागे सरकून सीटवर बसायचं. ज्या गुडघ्याचं दुखणं जास्त, त्याने ढकलायचं काम करू नये. दोन्ही सारखेच कुरकुरत असतील तर थ्रॉटलची, म्हणजे पेडल न मारताही मोटर चालवणाऱ्या मुठीची, किंचित मदत घ्यायची. ही हालचाल आडव्या दांडीवर अवघड आहे, उतरत्या फ्रेमवर चार-पाच दिवसांत अंगवळणी पडते. उतरती फ्रेम घ्या असं वर इतकं बजावून सांगितलं ते या कारणानेही.

पहिले काही दिवस सीट मुद्दाम थोडी खाली ठेवून, थ्रॉटलवर आणि पेडलवर जोर न लावता, फक्त तोल परत मिळवायला हरकत नाही. मग दर दोन-तीन दिवसांनी सीट थोडी थोडी चढवत न्या. त्यासाठी सीटचा क्लँप पान्याविना, हातानेच उघडणारा असलेला बरा.

आता आखूड क्रँकविषयी. पेडलला धरून ठेवणारा दांडा बहुतेक सायकलींना १७० मिलिमीटरचा असतो. तो १० मिलिमीटरने आखूड केला तर सीट तेवढीच वर घेता येते, आणि पेडल वर आल्यावर गुडघ्याला एकूण २० मिलिमीटर जास्त जागा मिळते. कमी वाकणाऱ्या गुडघ्याला तेवढ्यानेही बराच आराम पडतो. मोटर चाकात असलेल्या साध्या सायकलला हा बदल चांगला सायकल मेकॅनिक करून देतो. विकत घेण्याआधी विचारून ठेवा, कारण पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलींना वेगळे, महागडे क्रँक लागतात.

मोटर कुठली, आणि ती कशाने सुरू होते

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी असते, तिला हब मोटर म्हणतात. पुढच्या चाकात असेल तर शक्यतो टाळा. ओल्या रस्त्यावर वळताना पुढचं चाक ओढलं गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही. पेडलजवळची मोटर चढाला उत्तम असते, कारण ती गिअरमधून जोर लावते, पण तशा सायकली बऱ्याच महाग. रोजची भाजी, बँक, बाग आणि बहिणीचं घर एवढ्यासाठी मागची हब मोटर पुरते.

मोटरपेक्षा महत्त्वाचा आहे सेन्सर, आणि त्याविषयी दुकानात कुणी बोलत नाही. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या सायकलींत पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही जोर लावा की नुसते पाय फिरवा, मोटर ठरलेली मदत देते. गुडघ्याला हे चांगलंच, कारण जोर न लावता जाता येतं. पण त्यात दोन खोडी आहेत. एक, पेडल थोडं फिरल्यावरच मोटर जागी होते, म्हणजे उभ्या सायकलला हलवायचा पहिला जड धक्का तुमच्याच गुडघ्याला द्यावा लागतो. दुसरी, जागी झाली की ती एकदम ओढते.

दुसरा प्रकार पेडलवरचा दाब मोजणारा, टॉर्क सेन्सर. तुम्ही जितकं दाबाल त्या प्रमाणात मदत, आणि ती पहिल्या क्षणापासून. चालवायला हा फार सुखद. मात्र यात मदत मिळवायला थोडा दाब द्यावाच लागतो. दाबलं की कळ येते अशा गुडघ्याला पहिला, थ्रॉटलसकटचा प्रकार जास्त मानवतो. गुडघा बरा पण दमछाक होते अशाला टॉर्क सेन्सर. खिसा परवानगी देत असेल तर दोन्ही प्रकार चालवून मगच ठरवा.

थ्रॉटल मात्र हवाच. दिवसभर थ्रॉटलवर फिरण्यासाठी नाही. तसं केलंत तर मांडीचे स्नायू रिकामेच राहतील, आणि गुडघ्याला खरा आधार त्यांचाच असतो. थ्रॉटल हवा तो सुरुवातीच्या दोन-तीन मीटरसाठी.

एक गोष्ट जवळून दाखवतो. नळ स्टॉपसारखा सिग्नल धरा. लाल लागलाय, पुढे रिक्षा, डावीकडे पीएमटी. मोटरच्या मदतीची पातळी तीनवर आहे. जुन्या सवयीने उजवा पाय पेडलवर टेकवून तुम्ही उभे आहात आणि पेडल सोयीच्या जागी आणायला ते जरा पुढे फिरवता. ब्रेक सुटलेला असेल तर सायकल तेवढ्यात रिक्षाच्या मागच्या बंपरवर. म्हणून थांबल्यावर एक ब्रेक कायम दाबलेला ठेवायचा, आणि थांबण्याआधी मदतीची पातळी एकवर आणायची. बऱ्याच ई-सायकलींत ब्रेकची मूठ दाबली की मोटरचा करंट तुटतो. ही सोय आहे का ते विचारून थांबू नका, स्टँडवर मागचं चाक उचलून, थ्रॉटल हलका फिरवून, ब्रेक दाबून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल तर ती सायकल घेऊ नका.

वजन आणि तुमची इमारत

ई-सायकल साधारण २० ते २५ किलो भरते. रस्त्यावर मोटर ते वजन वाहते. तीन पायऱ्या चढवायच्या असतील तर ते तुम्हीच वाहणार. सदाशिव किंवा नारायण पेठेतला वाडा असो की कोथरूडची लिफ्ट नसलेली तीनमजली इमारत, सायकल खालीच राहणार हे धरून चाला. मग पाहायचं ते असं: बॅटरी किल्लीने सहज निघते का? तिचं वजन दोन-तीन किलो असतं, पिशवीत घालून वर नेता येते. बॅटरी फ्रेमच्या आत कायमची बसवलेली असेल तर पार्किंगमध्ये प्लग लागेल, आणि त्यावरून सोसायटीच्या वार्षिक सभेत किती वेळ जाईल हे मी सांगायला नको.

दुकानात सायकल हाताने दहा पावलं मागे ढकलून बघा. वळवून बघा. स्टँडवर लावून काढून बघा. जुन्या सायकलसारखा दुहेरी स्टँड असेल तर उचलताना कमरेला आणि गुडघ्याला झटका बसतो का ते तिथेच कळेल. बाजूचा, मागच्या चाकाजवळ बसवलेला भक्कम स्टँड जास्त सोयीचा. काही सायकलींत बटण दाबून ठेवलं की ती चालण्याच्या वेगाने आपण होऊन पुढे सरकते. बेसमेंटचा उतार चढवायला याच्यासारखी गोष्ट नाही.

तोल जातो म्हणून काही जण तीनचाकी ई-सायकलचा विचार करतात. ती उभी राहायला चांगली, पण वेगात वळताना कलंडू शकते, आणि आपल्या पार्किंगमध्ये तिला दोन स्कूटरची जागा लागते. घराभोवती मोकळी जागा असेल तरच.

बॅटरीचा हिशेब

व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर लिहिलं असेल तर झाले ३६० वॅट-अवर. मदत घेत पेडल मारत गेलात तर पुण्याच्या रस्त्यांवर किलोमीटरला १० ते १५ वॅट-अवर धरा. म्हणजे या बॅटरीत सुमारे २५ ते ३५ किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर त्याहून कमी. कंपनीच्या कागदावरचा आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि सगळ्यात कमी मदत धरून काढलेला असतो.

चढ लागला की हिशेब बदलतो. ७० किलोचा माणूस आणि २३ किलोची सायकल १०० मीटर उंच न्यायलाच ३५ वॅट-अवरच्या आसपास जातात. बिबवेवाडीतून अप्परकडे राहणाऱ्याने, सहकारनगरहून तळजाईला जाणाऱ्याने किंवा चांदणी चौकाच्या चढाला घर असणाऱ्याने बॅटरी थोडी मोठी घ्यावी. डेक्कन, पेठा, शिवाजीनगर एवढंच फिरायचं असेल तर मोठ्या बॅटरीचे पैसे आणि वजन दोन्ही वाया.

खर्च किरकोळ. ३६० वॅट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्याही आत वीज लागते, म्हणजे चार-पाच रुपये.

काळजी मात्र घ्या. सोबत आलेलाच चार्जर वापरा. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी गार होऊ द्या. रात्री झोपताना लावून ठेवू नका, आणि घराच्या दारासमोर किंवा जिन्यात तर नकोच. काही पेटलं तर बाहेर पडायची वाट तीच असते. आपटलेली, फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. मुलांकडे अमेरिकेला चार-सहा महिने जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. अर्ध्याच्या थोडी वर भरा, काढून कोरड्या सावलीत ठेवा आणि शेजाऱ्यांना दीड-दोन महिन्यांनी थोडी भरायला सांगा.

गिअर, ब्रेक, टायर

पटकन सांगतो. बिनगिअरची घेऊ नका, मागे सात गिअर पुरेत. गुडघ्याला जड गिअरमधलं संथ, जोराचं पेडल सोसत नाही. हलक्या गिअरमध्ये मिनिटाला साठ-सत्तर फेरे भरभर मारा, पाय रिकामे फिरल्यासारखे वाटले पाहिजेत. साखळीचे गिअर उभ्या सायकलवर बदलत नाहीत, तेव्हा सिग्नल जवळ आला की थांबायच्या आधीच हलक्यावर या. ब्रेक दोन्हीकडे डिस्क. बोटांतही संधिवात असेल तर मूठ किती दाबावी लागते ते तपासा. टायर दोन इंचाच्या आसपास रुंद, म्हणजे खड्डे, चेंबरची झाकणं आणि पेव्हर ब्लॉक हातापर्यंत कमी पोचतात. अगदी जाड, फुगीर टायरच्या सायकली दिसायला ऐटबाज, पण जड, आणि बॅटरी संपली की ओढताना जीव जातो.

पंक्चरचा विचार आधीच करा. मोटर असलेलं मागचं चाक काढायचं म्हणजे वायरचा जोड सोडवणं, नट सैल करणं आलं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला बिचकतो. त्याला सांगा, चाक न काढता एका बाजूने ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावता येतं. ट्यूबमध्ये पंक्चर रोखणारं जेल आधीच भरून घेतलंत तर उत्तम.

चालवून बघायची रीत

पार्किंगमध्ये एक चक्कर म्हणजे चाचणी नव्हे. रविवारी सकाळी, रहदारी जागी व्हायच्या आत, दुकानदाराकडून अर्धा तास मागा. पाच वेळा बसा, पाच वेळा उतरा. पाच वेळा थांबून निघा, त्यातलं एकदा तरी चढावर. चढ फार नको. जवळच्या कुठल्याही पुलाचा उतार चालेल, रिकामा असला तर. मोटर बंद करून शंभर मीटर चालवा, कारण बॅटरी कधी ना कधी दगा देणारच आणि तेव्हा घरी पोचायचं असतं. मग घरी जा आणि पैसे देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना गुडघा काय म्हणतो ते ऐका. तो नेहमीइतकाच कुरकुरत असेल तर सौदा करा.

अंगाचं वजन आणि सामान मिळून सायकलला किती भार चालतो तेही विचारा. बहुतेक ठिकाणी १०० ते १२० किलो अशी मर्यादा असते. कारमधून सायकल न्यायची नसेल तर घडीच्या मॉडेलच्या मोहात पडू नका. त्यांची चाकं लहान असतात आणि खड्डे जास्त जाणवतात.

पैसे आणि दुरुस्ती

साधारण पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत बऱ्यापैकी ई-सायकल मिळते. टॉर्क सेन्सर किंवा पेडलजवळची मोटर हवी तर आकडा चढतो. देशभर विकणारी ईमोटोरॅड ही कंपनी पुण्यातलीच. हिरोच्या लेक्ट्रो सायकलीही सर्रास दिसतात. नावापेक्षा मी हे बघेन की तुमच्या घरापासून रिक्षाने पोचता येईल एवढ्या अंतरावर दुरुस्ती करणारा कोण आहे. ऑनलाइन दोन-तीन हजार वाचतात, पण बंद पडलेली पंचवीस किलोची सायकल खोक्यात भरून परत पाठवायची वेळ आली की त्या दोन-तीन हजारांचं काही वाटेनासं होतं. बॅटरीची वॉरंटी किती, मोटरची किती, आणि वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी आज काय भावाने देता, हे बिलावर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या.

पहिला पंधरवडा आणि पाऊस

सुरुवात सोसायटीच्या आवारात, मग गल्लीत. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. सकाळी साडेसहाला नदीपात्रातला रस्ता किंवा कर्वेनगरचा कॅनॉल रोड मोकळा मिळतो. संध्याकाळी सातला लक्ष्मी रोडवर जाण्यात काहीच शहाणपण नाही. सायकल ट्रॅक पुण्यात आहेत खरे, पण त्यांवर गाड्या उभ्या, टपऱ्या थाटलेल्या आणि मधेच खांब. तेव्हा त्यांच्या भरवशावर मार्ग आखू नका. गतिरोधक तिरका घेऊ नका, सरळ घ्या, आणि त्या वेळी पेडल समांतर ठेवून सीटवरचं वजन किंचित हलकं करा. आरसा बसवून घ्या, कारण मान वळवून मागे बघणंही आता सोपं राहिलेलं नसतं. घंटी मोठ्या आवाजाची घ्या.

चालवताना थोडं जाणवणं ठीक. चालवून झाल्यावर दोन तासांनीही दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी सूज दिसली, तर वेळ निम्मा करा, मदतीची पातळी एकाने वाढवा आणि सीट पुन्हा मोजा. तरीही तसंच राहिलं तर फिजिओकडे जा, सायकल घेऊन.

पावसाळ्यात भुरभुर चालते. बहुतेक ई-सायकली शिंतोड्यांना टिकतात, साचलेल्या पाण्यात बुडवायला बनवलेल्या नसतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पुलाच्या बातम्या यायला लागल्या की सायकल घरी. रस्त्यात पाणी मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत पोचेल असं वाटलं तर उतरून फुटपाथवरून चला. धुताना पाइपचा जोराचा फवारा मोटरवर, डिस्प्लेवर किंवा बॅटरीच्या खोबणीत मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. बॅटरी काढल्यावर खोबणीतले पितळी टोक कोरडे करा. चेनला महिन्याला तेल, पावसात पंधरा दिवसांनी.

पहिल्या महिन्यात ब्रेकच्या केबल ताणतात आणि मागच्या चाकाचे स्पोक सैल पडतात, कारण मोटर त्यांनाच ओढत असते. मोफत सर्व्हिस त्यासाठीच असते, ती चुकवू नका. जाताना मेकॅनिकला सीटच्या दांड्यावर, तुमच्या नक्की झालेल्या उंचीला, पक्क्या शाईची खूण करायला सांगा. एकदा नातू चालवून गेला की सीट कुठे होती ते शोधत बसावं लागत नाही.